गप्प राहिलेला दात

दात पांढरे करून देणाऱ्या त्या ठिकाणच्या मुलीने हातमोजे घातले होते, पण माझ्या तोंडाला हात लावायला ती तयार नव्हती. "ट्रे तुम्हीच ठेवायचा मॅडम, मला लावता येत नाही. नियमच आहे तसा," असं म्हणत तिने जेल भरलेला ट्रे माझ्या हातात दिला आणि समोर आरसा धरला. ट्रे काही केल्या दातांवर नीट बसेना. जेल कडेने ओघळून हिरडीवर आलं. ते तिला दिसत होतं, तिचा हात पुढेही आला, पण अर्ध्यावर थांबला. शेवटी तिने एक टिश्यू दिला आणि म्हणाली, "पुसून घ्या हळूच." मग निळा दिवा माझ्या ओठांसमोर आला. त्याचं बटणही मीच दाबलं.

सुरुवातीला तिने मला दोन प्रश्न विचारले होते. कसली अॅलर्जी आहे का, आणि सध्या गरोदर आहात का. दोन्हींची उत्तरं नाही. मग एका कागदावर सही. कागदावर लिहिलं होतं की हे सगळं मी माझ्या मर्जीने आणि माझ्याच हाताने करते आहे. त्यानंतर तिने माझ्या दातांशेजारी एक पट्टी धरली, जिच्यावर पांढऱ्यापासून करड्यापिवळ्यापर्यंत छोटे छोटे खोटे दात ओळीने लावलेले असतात. त्यातल्या एका दातावर बोट ठेवून तिने कागदावर खूण केली. एवढंच. माझ्या तोंडात कोणी डोकावलं नाही. तेव्हा मला त्यात काही खटकलंही नाही.

मी तिथे का गेले, ते सांगायला हवं. माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डावा दात बरीच वर्षं थोडा करडा होता. काळा म्हणावा असा नव्हे. समोरच्याच्या लक्षातही आला नसता कदाचित. पण मला प्रत्येक फोटोत आधी तोच दिसायचा. हसताना वरचा ओठ खाली ओढून धरायची सवय इतकी अंगवळणी पडली होती की ती सवय आहे हेही मी विसरले होते. दात पांढरे करून घ्यायला जाणाऱ्या माणसाला लोक पटकन नटवं म्हणतात. ज्याने वर्षानुवर्षं तोंड मिटून हसायचा सराव केला आहे, त्याला असं म्हणू नये, एवढं माझं मागणं आहे. ही इच्छा खरी असते आणि साधी असते. तिच्यावर धंदा उभा राहतो तोही त्यामुळेच.

दिवा बंद झाला, मी चूळ भरली, आणि आरशात खरंच फरक होता. दात लख्ख दिसत होते. तिने पुन्हा ती पट्टी धरली आणि खुशीत म्हणाली, "बघा, किती शेड वर गेल्या!" पण माझी नजर त्या एका दातावर होती. बाकी सगळे उजळले होते आणि तो तसाच होता. शेजारी पांढरे झाल्यामुळे आधीपेक्षा जास्तच करडा दिसत होता. "अजून दोन सिटिंग घ्या, तोही येईल," ती म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं होतं याबद्दल मला आजही शंका नाही.

त्या रात्री कळा सुरू झाल्या. ज्यांना हे झालं आहे त्यांना ठाऊक असेल. दाढ ठणकते तसं ते नसतं. काही कारण नसताना एखाद्या दातातून वीज चमकावी तशी कळ जाते, मग थोडं शांत, मग दुसऱ्याच दातातून. श्वास तोंडाने घेतला तरी शिवशिवतं. आरशात पाहिलं तर जिथे जेल ओघळलं होतं तिथली हिरडीची कड पांढरीफटक झाली होती, ओल्या कागदासारखी. सकाळी गार पाण्याने चूळ भरली आणि वरची अख्खी ओळ एकदम किंचाळली. फक्त एक दात गप्प होता. तोच, करडा. त्याला काहीच झालं नाही. मला त्या वेळी त्याचं बरं वाटलं. एवढे दुखताहेत, त्यातला एक तरी वाचला.

कळा तिसऱ्या दिवशी बऱ्याच ओसरल्या. हिरडीही पूर्ववत व्हायला लागली होती. मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले ती खरं तर खात्री करून घ्यायला, आणि थोडी त्या पांढऱ्या कडेच्या भीतीने. डॉक्टरांनी हिरडी पाहिली, "भाजलीय, भरून येईल," म्हणाल्या. मग त्या करड्या दाताशी थांबल्या आणि त्यांनी मला असं काही विचारलं जे त्या खुर्चीत कोणी विचारलं नव्हतं.

"लहानपणी कधी पडला होतात का? तोंडावर?"

पडले होते. नऊ वर्षांची असताना, जिन्यावरून. ओठ फाटला होता, दात हलला होता, थोड्या दिवसांनी घट्ट झाला. सगळे विसरले. मीही विसरले होते. डॉक्टरांनी कापसाच्या एका बोळ्यावर गार फवारा मारला, त्यावर बर्फासारखी कणी धरली. तो बोळा त्यांनी उजव्या दाताला टेकवला, मी खुर्चीतून उठायच्या बेतात. शेजारच्याला टेकवला, तेच. करड्याला टेकवला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. मी वाट पाहत होते. काही आलंच नाही. मग एक्स-रे काढला. पडद्यावर दाताचं मूळ दिसत होतं आणि त्याच्या टोकाशी काळसर गोल सावली. "नस मेलेली आहे," त्या म्हणाल्या. "पुष्कळ वर्षांपूर्वी. मुळाशी जंतुसंसर्ग आहे, आणि त्याने हाड पोखरलंय थोडं. दुखत नव्हतं म्हणून तुम्हाला कळलं नाही."

घरी येताना मला राग आला होता, पण तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. त्या मुलीवर नक्कीच नव्हता. तेव्हापासून मी या विषयात जे सापडेल ते वाचत गेले, आणि आज हे लिहायला बसले आहे ते त्यामुळेच.

दात पिवळा का दिसतो इथून सुरुवात करावी लागते. दाताचं सगळ्यात बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. ते वजनाने साधारण ९६ टक्के खनिज असतं, अर्धपारदर्शक. त्याच्या खालचं डेंटिन मुळातच पिवळसर. वय वाढतं तसं इनॅमल झिजत जातं, डेंटिन जाड आणि गडद होत जातं आणि दात पिवळे दिसू लागतात. म्हणजे पिवळेपणा बऱ्याच वेळा घाणीचा नसतोच, तो दाताचाच रंग असतो. वरवरचे डाग आणि किटण घासून, खरवडून निघतात. आतला रंग निघत नाही, त्यासाठी रसायन आत शिरावं लागतं. हे काम हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. त्याचा रेणू इतका लहान असतो की तो इनॅमल आणि डेंटिन दोन्ही पार करून काही मिनिटांत थेट नसेपर्यंत पोचतो. वाटेत रंगीत रेणूंचे बंध तोडतो, रंग फिका होतो. माझ्या रात्रीच्या कळा म्हणजे हाच पेरॉक्साइड नसेच्या दाराशी आल्याची खूण होती. बहुतेकांना त्या दोन-चार दिवसांत ओसरतात. नस जिवंत असते म्हणून ती ओरडते. माझ्या करड्या दातात ओरडायला कोणी उरलंच नव्हतं.

त्याचा रंगही वेगळ्या कारणाने गेला होता. मार बसल्यावर आत रक्तस्राव होतो, ते रक्त डेंटिनच्या बारीक नळ्यांमध्ये झिरपतं आणि तिथेच विघटित होत राहतं. दात आतून करडा पडतो. बाहेरून जेल लावून तो रंग नीट जात नाही, आणि समजा गेला असता तर जास्त वाईट झालं असतं. मी खुश होऊन निघून गेले असते आणि मुळाशी ती सावली वाढत राहिली असती. हे मला फार उशिरा उमगलं. तो रंग म्हणजे त्या दाताने वीस-पंचवीस वर्षं लावून धरलेली हाक होती आणि मी पैसे मोजून तीच पुसायला गेले होते.

सगळे डाग काही असे गंभीर नसतात, हेही तितकंच खरं. पण वेगवेगळ्या डागांचं म्हणणं वेगवेगळं असतं. लहानपणी दात घडत असताना टेट्रासायक्लिन हे औषध घेतलं गेलं तर दातांवर करडेतपकिरी आडवे पट्टे राहतात आणि ते साध्या जेलला दाद देत नाहीत. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर खडूसारखे पांढरे आणि तपकिरी ठिपके येतात, आणि ब्लीच केल्यावर सुरुवातीला तेच पांढरे ठिपके जास्त उठून दिसतात. कॅप, सिमेंट, दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा यांचा रंग पेरॉक्साइडने बदलत नाही. पुढच्या दाताला कॅप असलेल्या माणसाने बाकीचे दात पांढरे केले की पुढे कॅपही बदलावी लागते. दाताला कीड असेल, तडा असेल, मूळ उघडं पडलं असेल, तर तेच जेल थेट आत उतरतं. हे सगळं पट्टीवरच्या शेडने कळत नाही. त्याला दात बघावे लागतात, कधी थंड लावून पाहावं लागतं, कधी एक्स-रे काढावा लागतो.

निळ्या दिव्याबद्दल मला बरंच वाचावं लागलं, कारण माझा सगळा विश्वास त्या दिव्यावर बसला होता. प्रकाशाने जेल जास्त काम करतं असं सांगतात, पण दिवा लावून आणि न लावता केलेलं ब्लीच काही आठवड्यांनी शेजारी ठेवून पाहिलं तर सांगण्यासारखा फरक उरत नाही, असंच बहुतेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. मग खुर्चीतून उठल्याउठल्या दिसतो तो लख्खपणा कसला? त्यातला मोठा वाटा दात वाळल्याचा असतो. तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहिलं, लाळ दातांपर्यंत पोचली नाही, की इनॅमलमधलं पाणी उडतं. वाळलेलं इनॅमल खडूसारखं पांढरं दिसतं. लाळ पुन्हा भिनली की एक-दोन दिवसांत त्यातलं बरंचसं उतरतं. म्हणजे पट्टी नेमकी अशा क्षणी धरली जाते जेव्हा दात सर्वांत पांढरे, आणि सर्वांत खोटे पांढरे, असतात. जुन्या पद्धतीचे तापणारे दिवे आणि लेझर यांची भीती वेगळी. १९६५ साली माकडांच्या दातांवर केलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दाताच्या आतलं तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने वाढवलं, तेव्हा १५ टक्के दातांतली नस परत सावरली नव्हती. तो आकडा आजही दातांच्या पुस्तकांत धोक्याची रेषा म्हणून दिला जातो.

ब्लीचचं हे आजचं रूप मुळात दवाखान्यातच सापडलेलं आहे, तेही अपघाताने. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कान्सास राज्यात वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरांनी हिरड्यांच्या जखमेसाठी १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं (यातून हायड्रोजन पेरॉक्साइडच सुटतं) औषध रात्री ट्रेमध्ये घालून ठेवायला सांगितलं. हिरड्या बऱ्या झाल्या आणि दातही उजळले. १९८९ मध्ये व्हॅन हेवूड आणि हॅराल्ड हेमन या दंतवैद्यांनी या पद्धतीवर लेख लिहिला आणि ती जगभर गेली. त्याच्या कितीतरी आधी, युरोपात दात काढणं हे न्हाव्याचं काम होतं तेव्हा, तो कानशीने दात घासून त्यावर आम्ल फिरवायचा. दात पांढरे व्हायचे, आणि इनॅमल गेल्यामुळे पुढे किडायचे. दवाखान्याबाहेरची ही खुर्ची फार जुनी आहे.

आता कायद्याकडे येते, कारण "मला हात लावता येत नाही" हे त्या मुलीचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ते वाक्य कायद्यातूनच आलं आहे. कित्येक ठिकाणी दंतवैद्यकाची व्याख्या अशी असते की दुसऱ्याच्या दातांवर काही करणं म्हणजे दंतवैद्यक. मग त्यातून वाट निघते: करायचं गिऱ्हाइकाने स्वतः. जेल आम्ही विकतो, खुर्ची आम्ही देतो, दिवा आम्ही ठेवतो, हात तुमचा. माझी सही त्याचसाठी होती.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात यावरून मोठं प्रकरण झालं. तिथे दात पांढरे करण्याचं काम १९९० च्या दशकात डॉक्टरांनी सुरू केलं आणि २००३ च्या सुमारास डॉक्टर नसलेले लोक ते स्वस्तात करायला लागले. दंतवैद्यकाचे परवाने देणाऱ्या राज्याच्या मंडळाने २००६ पासून अशा लोकांना काम बंद करा म्हणून किमान ४७ पत्रं पाठवली. दातांवरचे डाग काढणं हे त्या राज्याच्या कायद्यात दंतवैद्यकच आहे, हा त्यांचा आधार. त्या मंडळात आठ माणसं होती आणि त्यांतले सहा व्यवसाय करणारे दंतवैद्य. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय संस्थेने मंडळाविरुद्ध कारवाई केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २५ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मंडळाच्या विरोधात निकाल दिला. मुद्दा असा होता की ज्यांचा धंदा त्याच बाजारात आहे त्यांच्या हातात मंडळ असेल आणि त्यांच्यावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर स्पर्धेच्या कायद्यापासून त्या मंडळाला संरक्षण मिळत नाही. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलेल्या त्या निकालात एक गोष्ट नोंदवलेली आहे जी वाचून मी थांबले. मंडळाकडे आलेल्या तक्रारींत लोकांना इजा होईल असं म्हणणाऱ्या थोड्याच होत्या, बहुतेकांचं मुख्य दुखणं त्या लोकांचे कमी दर हे होतं.

मला हे मान्य करायला जड गेलं, पण करायला हवं. माझ्या दाताची मेलेली नस डॉक्टरांनी शोधली, म्हणून डॉक्टरांच्या संघटनांचं प्रत्येक म्हणणं माझ्या काळजीपोटी असतं असं होत नाही. त्या निकालाने मात्र पेरॉक्साइड सुरक्षित आहे की नाही, किंवा हे काम कोणी करावं, यातलं काहीच ठरवलं नाही. बरेच लोक तो निकाल 'डॉक्टर नसलेल्यांना परवानगी मिळाली' असा सांगतात, तसं त्यात नाही. कोणाला कोणावर बंदी घालता येते, एवढाच तो वाद होता.

त्याच वर्षी कनेक्टिकट राज्याचं एक प्रकरण अपील न्यायालयात आलं. तिथल्या नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाच्या तोंडावर एलईडी दिवा धरायचा अधिकार फक्त परवानाधारक दंतवैद्याला होता. गिऱ्हाइकाने तो स्वतः धरला तर चालणार होतं. न्यायालयाने नियम कायम ठेवला. मी वाचत गेले आणि मला त्या मुलीचा अर्ध्यावर थांबलेला हात आठवत राहिला. जेल ओघळत असताना ती पुसू शकत नव्हती. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाची पळवाट अशी निघाली की माझी हिरडी भाजताना शेजारी हातमोजे घातलेलं माणूस असून उपयोग नव्हता.

युरोपीय संघाने दुसरी वाट धरली. सप्टेंबर २०११ मध्ये दात पांढरे करणाऱ्या वस्तूंबद्दल एक निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बांधील असा कायदा, निघाला आणि ३१ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाला. ०.१ टक्क्यापर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली वस्तू कोणालाही विकता येते. त्यावर, ६ टक्क्यांपर्यंत, ती फक्त दंतवैद्याला विकायची. उपचाराच्या प्रत्येक फेरीतला पहिला वापर दंतवैद्याने किंवा त्याच्या थेट देखरेखीखाली करायचा, पुढचा माणसाने घरी केला तरी चालेल. १८ वर्षांखालच्यांना मनाई. ६ टक्क्यांच्या वर सौंदर्यप्रसाधन म्हणून परवानगीच नाही. ब्रिटनने हेच नियम घेतले, आणि २०१३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने दात पांढरे करणं हे १९८४ च्या दंतवैद्यक कायद्याखाली दंतवैद्यकच आहे असा निर्वाळा दिला. तिथे दंतवैद्याने लिहून दिलं तर दातांची स्वच्छता आणि साधे उपचार करणारे नोंदणीकृत डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल थेरपिस्टही हे काम करू शकतात. ऑस्ट्रेलियातही ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा १८ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड या रेषेच्या वरचं जेल नोंदणी असलेल्या दंतव्यावसायिकांपुरतंच आहे.

या सगळ्यात मला युरोपचा निर्देश सर्वांत पटला, आणि तो टक्क्यांमुळे नव्हे. त्याच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे की आधी तोंडाची तपासणी व्हावी, काही धोका किंवा तोंडाचा दुसरा आजार नाही ना हे पाहिलं जावं. म्हणजे हात कोणाचा यापेक्षा आधी बघितलं कोणी, हा प्रश्न त्या कायद्याने विचारला. पहिल्या वेळी जाणत्या माणसाने तोंडात बघावं, मग ट्रे घरी न्या. माझ्यासारखीला तेवढ्याने वाचवलं असतं.

टक्क्यांचं गणितही सोपं नाही. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. म्हणजे डब्यावर १६ लिहिलं असेल तर ते जवळपास ६ असतं, आणि नुसतं ६ लिहिलं असेल तर कशाचे ६ ते आधी विचारायचं. दवाखान्यात २५ ते ४० टक्क्यांचं जेलही वापरतात, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, पण त्याआधी हिरडीवर राळेचा पातळ बांध घालून तो कडक करून घेतात, ओठ-गाल झाकतात. मला दिलेल्या पाकिटावर टक्केच लिहिलेले नव्हते. 'दवाखान्याच्या दर्जाचं' अशा अर्थाचा शब्द ठळक होता, तेवढाच.

पेरॉक्साइडवर निर्बंध आले की काही जण त्याऐवजी भलतंच वापरतात, आणि मला त्याची जास्त भीती वाटते. युरोपात क्लोरिन डायऑक्साइडची जेलं पुढे आली. ते तयार व्हायला आम्ल लागतं, बऱ्याचदा सायट्रिक आम्ल, आणि इनॅमलमधलं खनिज साधारण ५.५ पीएचच्या (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) खाली विरघळायला लागतं. दात पांढरे दिसतात, पण पृष्ठभागाची चकाकी जाते, तो खरबरीत होतो, आणि मग डाग आधीपेक्षा लवकर बसतात. सोडियम परबोरेट हे दुसरं. प्रजननक्षमतेला घातक ठरवून युरोपीय संघाने ते सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केलं. 'पेरॉक्साइड-मुक्त' असं डब्यावर वाचून हायसं वाटत असेल, तर मग आत काय आहे हे विचारूनच पुढे जावं. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. गेलेलं इनॅमल परत उगवत नाही.

माझ्या दाताचं पुढे काय झालं ते थोडक्यात. रूट कॅनाल झालं. नस मेलेली असल्यामुळे ते जवळजवळ दुखलंच नाही. त्यानंतर डॉक्टरांनी दात आतून ब्लीच करायचं सुचवलं, म्हणजे दाताच्या पोकळीत पेरॉक्साइड भरून वरून तात्पुरतं सिमेंट लावायचं आणि काही दिवसांनी बदलायचं. त्याआधी त्यांनी कागदावर दाताचं चित्र काढलं. दाताच्या मुळामध्ये भरलेल्या मसाल्यावर एक आडवी रेघ मारली. "इथे मी सिमेंटचा बांध घालणार. नाही घातला आणि औषध दाताच्या मानेच्या, म्हणजे हिरडीजवळच्या, बाजूने बाहेर झिरपलं, तर क्वचित कधी मूळ बाहेरून विरघळायला लागतं. बांध घालूनही मी तुम्हाला शंभर टक्के सांगू शकत नाही, म्हणून वर्षाने एक्स-रे काढायला यायचं." तीन वेळा औषध बदललं. दात शेजाऱ्यांच्या जवळ आला, अगदी तसाच नाही झाला. मला तो तसाच आवडतो.

रसायन तर दोन्हीकडे तेच होतं. त्या चित्राचा कागद माझ्याकडे अजून आहे, आणि सही केलेला कागदही आहे. एकावर काय बिघडू शकतं आणि ते आम्ही कसं बघत राहू हे लिहिलं आहे. दुसऱ्यावर काही बिघडलं तर ते तुमचं, असं. मला वाटतं कायद्याने या दोन कागदांमधला फरक धरायला हवा. दुखलं तर कोणाकडे जायचं, हे खुर्चीत बसण्याआधी माहीत असलं पाहिजे. माझी हिरडी भाजली तेव्हा मी तिथे फोन केला होता. "नॉर्मल आहे," असं उत्तर आलं. योगायोगाने ते खरंही निघालं, पण सांगणाऱ्याने हिरडी पाहिली नव्हती.

काही महिन्यांनी मी त्या मुलीला भेटायला गेले. भांडायला म्हणून नव्हे. ती एकटीच होती, जेलची पाकिटं खोक्यात लावत होती, हातमोजे न घालता. तिच्या उजव्या तर्जनीचं टोक पांढरं पडलेलं होतं, माझ्या हिरडीसारखंच. मी बोटाकडे बघते आहे हे पाहून ती म्हणाली, "जेलचं होतं असं, पाकीट फुटलं की. तासाभरात जातं." तिला कोणी सांगितलं नव्हतं की ते भाजणं आहे. प्रशिक्षण किती दिवसांचं होतं असं विचारलं तर म्हणाली, "एक दिवस. दिवा कसा लावायचा, शेड कशी बघायची, सही कुठे घ्यायची."

मी तिला सगळं सांगितलं. जिना, थंड बोळा, एक्स-रेवरची सावली. ती ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "तुमच्यानंतर एक काका आलेले मॅडम. त्यांचा पण एकच दात असा होता. मी त्यांना पण दोन सिटिंग जास्त घ्यायला सांगितल्या." तिचा चेहरा उतरला होता. त्यांचा फोन नंबर वहीत असेल, असं म्हणून ती वही चाळायला लागली. पानं उलटता उलटता थांबली आणि माझ्याकडे वळली.

"तो दात मला नीट दाखवाल का? म्हणजे पुढच्या वेळी मला कळेल."

तिथला निळा दिवा बंद होता. खिडकीतून पुरेसा उजेड येत होता. मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि तोंड उघडलं. ती दोन्ही हात पाठीमागे धरून वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.